बदलती जागतिक सत्तारचना आणि तंत्रज्ञान कंपन्यांचा वाढता प्रभाव : खानदेशच्या अनुभवाच्या संदर्भात

सारांश

जागतिक सत्ता ही प्रदीर्घ काळ राष्ट्रांच्या सैन्यबळावर व अर्थबळावर मोजली गेली. गेल्या काही दशकांत मात्र संगणक प्रणाली, माहितीसाठे व बियाण्यांतील जनुके यांवर मालकी असलेल्या कंपन्या सत्तेच्या नव्या वाटेकरी झाल्या आहेत. प्रस्तुत लेखात खानदेशाशी निगडित तीन घटनांच्या आधारे या बदलाचे स्वरूप स्पष्ट केले आहे. तंत्रज्ञान वापरणे आणि तंत्रज्ञानाची मालकी असणे या दोन भिन्न गोष्टी असून त्यांतील अंतर कमी करण्याचे सामर्थ्य आजही मुख्यतः राज्यसंस्थेकडे व सार्वजनिक संशोधनाकडे आहे, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजशब्द : जागतिक सत्ता, तंत्रज्ञान कंपन्या, खानदेश, विप्रो, बीटी कापूस, आधार, राज्यसंस्था

१. प्रस्तावना

खानदेशच्या आधुनिक इतिहासातील तीन तारखा येथे विचारात घेतल्या आहेत. २९ डिसेंबर १९४५ रोजी ‘वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स लिमिटेड’ ही कंपनी नोंदविली गेली. तत्कालीन पूर्व खानदेश जिल्ह्यातील अमळनेर येथे वनस्पती तूप तयार करणे हा तिचा उद्योग होता. पुढे हीच कंपनी ‘विप्रो’ या नावाने जगभर ओळखली गेली. दुसरी तारीख २६ मार्च २००२. या दिवशी भारतात बीटी कापसाच्या व्यापारी लागवडीस मान्यता मिळाली आणि अल्पावधीतच जळगाव-धुळे पट्ट्यातील कापसाचे जवळजवळ सर्व क्षेत्र या बियाण्याखाली आले. तिसरी तारीख २९ सप्टेंबर २०१०. या दिवशी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावात देशातील पहिले ‘आधार’ क्रमांक देण्यात आले. नंदुरबार हा १ जुलै १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्याचाच भाग होता.

पहिल्या घटनेत खानदेशातून एक कंपनी जगाकडे गेली, दुसऱ्या घटनेत जगातील एका कंपनीचे तंत्रज्ञान खानदेशच्या शेतात आले, तर तिसऱ्या घटनेत राज्यसंस्थेने स्वतः तंत्रज्ञान उभे करून ते सामान्य माणसाच्या दारी नेले. जागतिक सत्तेचे केंद्र कसे सरकत आहे हे समजून घेण्यासाठी या तीन घटना पुरेशा बोलक्या आहेत.

२. सत्तेची बदलती संकल्पना

सत्ता म्हणजे दुसऱ्यास आपल्या इच्छेप्रमाणे वागावयास लावण्याची क्षमता, अशी सत्तेची रूढ व्याख्या आहे. ब्रिटिश अभ्यासक सुसान स्ट्रेंज यांनी ‘स्टेट्स अँड मार्केट्स’ (१९८८) या ग्रंथात याहून सूक्ष्म विचार मांडला. इतरांनी कोणत्या चौकटीत व्यवहार करावा हे ठरविण्याच्या क्षमतेस त्यांनी संरचनात्मक सत्ता म्हटले आणि सुरक्षा, उत्पादन, वित्त व ज्ञान असे तिचे चार आधार सांगितले. यांपैकी ज्ञानाचा आधार पूर्वी विद्यापीठे, शासकीय प्रयोगशाळा व धर्मसंस्था यांच्याकडे होता. आज त्याचा मोठा भाग काही मोजक्या कंपन्यांकडे एकवटला आहे.

या कंपन्यांचे आकारमान सांगताना त्यांच्या बाजारमूल्याची राष्ट्रांच्या उत्पन्नाशी तुलना करण्याची प्रथा पडली आहे. ॲपल कंपनीचे बाजारमूल्य जानेवारी २०२२ मध्ये ३ लाख कोटी डॉलरवर गेले, तर एनव्हिडिया या चिप तयार करणाऱ्या कंपनीचे मूल्य ऑक्टोबर २०२५ मध्ये ५ लाख कोटी डॉलरवर पोहोचले. भारताचे एका वर्षाचे सकल देशांतर्गत उत्पन्न सुमारे ४ लाख कोटी डॉलर आहे. तथापि ही तुलना सावधपणे केली पाहिजे. बाजारमूल्य हे कंपनीच्या भावी नफ्याविषयी गुंतवणूकदारांना वाटणाऱ्या अपेक्षेचे मोजमाप आहे, तर देशाचे उत्पन्न हे एका वर्षातील प्रत्यक्ष उत्पादनाचे मोजमाप आहे. कंपनी कर लादू शकत नाही, सैन्य बाळगू शकत नाही. म्हणून ‘कंपनी देशाहून मोठी झाली’ असे विधान शास्त्रीय दृष्ट्या टिकणारे नाही. तिची सत्ता वेगळ्या जागी आहे आणि ती जागा शोधणे अधिक महत्त्वाचे आहे.

३. ऐतिहासिक पार्श्वभूमी : कंपनी सरकार ते लोहमार्ग

खानदेशला कंपनीची सत्ता नवी नाही. १८१८ मध्ये पेशवाईच्या अस्तानंतर हा प्रदेश ईस्ट इंडिया कंपनीच्या अमलाखाली आला. ‘कंपनी सरकार’ हा शब्दच त्या काळाची स्थिती सांगून जातो. या कंपनीकडे सैन्य होते, महसूल होता व न्यायदानाचा अधिकारही होता. १८६१ ते १८६५ या काळातील अमेरिकेतील यादवी युद्धामुळे लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेनासा झाला आणि भारतीय कापसास अभूतपूर्व मागणी आली. याच दशकात लोहमार्ग खानदेशातून भुसावळपर्यंत पोहोचला. खानदेशातील स्थानिक कापसाऐवजी हिंगणघाट जातीचे बियाणे पसरविण्याचे प्रयत्न वसाहतकालीन प्रशासनाने केले, कारण गिरण्यांना चांगल्या प्रतीचा धागा हवा होता. युद्ध संपताच भाव कोसळले. शेतात काय पेरावे व ते कोणत्या भावाने विकले जावे याचा निर्णय शेतापासून हजारो मैलांवर होत असल्याचा हा प्रारंभीचा अनुभव होय. पुढील काळात तंत्रज्ञान बदलले, परंतु निर्णय कोठे होतो हा प्रश्न कायम राहिला.

४. अमळनेरचा अनुभव : वनस्पती तुपापासून संगणकापर्यंत

मोहम्मद हाशम प्रेमजी यांनी स्थापन केलेल्या कंपनीने अमळनेरची निवड केली, याचे कारण या परिसरात भुईमूग मुबलक पिकत होता व सुरत-भुसावळ लोहमार्गाची सोय होती. १९६६ मध्ये त्यांच्या निधनानंतर स्टॅनफर्ड येथे शिकत असलेले अझीम प्रेमजी यांनी वयाच्या एकविसाव्या वर्षी कारभार हाती घेतला. तेव्हा कंपनी तेल, तूप व साबण यांच्या उत्पादनात होती.

या कंपनीचा संगणक क्षेत्रातील प्रवेश केवळ उद्योजकाच्या दूरदृष्टीने घडला असे मानणे अपुरे ठरेल. १९७३ च्या विदेशी चलन नियमन कायद्याने विदेशी कंपन्यांच्या भारतातील भागभांडवलावर सर्वसाधारणपणे ४० टक्क्यांची मर्यादा घातली. ती अट मान्य न करता आयबीएम या अमेरिकन कंपनीने १९७८ मध्ये भारतातील व्यवसाय आटोपता घेतला. त्यामुळे जी पोकळी निर्माण झाली तीत देशी कंपन्यांना वाव मिळाला आणि १९८० च्या दशकाच्या आरंभी विप्रोने संगणकनिर्मिती सुरू केली. राज्यसंस्थेच्या एका निर्णयाने जागतिक कंपनीची वाट अडली व देशी कंपनीची वाट मोकळी झाली, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. पुढे ऑक्टोबर २००० मध्ये विप्रोची नोंदणी न्यूयॉर्क शेअर बाजारात झाली.

अमळनेरच्या दृष्टीने या कथेला आणखी एक बाजू आहे. गावातील अनेक कुटुंबांनी या कंपनीचे शेअर घेतले व दीर्घकाळ सांभाळले. बोनस शेअर व विभाजन यांमुळे थोड्या शेअरचे मोठे भांडवल झाले आणि लहानशा तालुक्याच्या गावात कोट्यधीश कुटुंबे निर्माण झाली. कारखान्यात काम करणाऱ्यास वेतन मिळाले, तर मालकीत वाटा असणाऱ्यास कंपनीच्या वाढीत वाटा मिळाला.

हेच तत्त्व जागतिक पातळीवरही दिसते. ३१ मार्च २०२५ रोजी विप्रोचे कर्मचारी सुमारे २ लाख ३३ हजार होते व त्या वर्षीचे उत्पन्न १० अब्ज डॉलरच्या किंचित वर होते. जून २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टचे कर्मचारी सुमारे २ लाख २८ हजार, म्हणजे जवळजवळ तितकेच होते. उत्पन्न मात्र सुमारे २८२ अब्ज डॉलर होते. समान मनुष्यबळावर सत्तावीस पट उत्पन्न, या तफावतीचे मूळ बौद्धिक क्षमतेत शोधता येत नाही. एक कंपनी मुख्यतः दुसऱ्यांच्या प्रणालींवर सेवा पुरविते, तर दुसरी स्वतःच्या प्रणालीचे भाडे वसूल करते. भारतीय माहिती तंत्रज्ञान उद्योगाचे यश मोठे आहे, पण जागतिक सत्तारचनेतील त्याचे स्थान मालकाचे नसून कुशल कारागिराचे आहे.

जळगावच्या जैन इरिगेशनने यापेक्षा वेगळा मार्ग अनुसरला. ठिबक सिंचनाचे तंत्र केळी व कापूस उत्पादकांपर्यंत नेल्यानंतर या कंपनीने २००७ मध्ये इस्रायलच्या नानदान या कंपनीत निम्मा हिस्सा घेतला व नंतर ती पूर्णपणे ताब्यात घेतली. तंत्रज्ञानाची मालकी मिळविण्याचा हा खानदेशातील ठळक प्रयत्न होय. परंतु २०२३ मध्ये कर्जाचा भार कमी करण्याच्या हेतूने तिने आपला परदेशातील सिंचन व्यवसाय सिंगापूरच्या टेमासेकची मोठी मालकी असलेल्या रिव्ह्युलिस या कंपनीत विलीन केला व त्या कंपनीत अल्प हिस्सा स्वीकारला. तंत्रज्ञानाची मालकी टिकविण्यासाठी दीर्घ मुदतीचे स्वस्त भांडवल लागते, ही बाब यावरून स्पष्ट होते.

५. बियाण्यातील सत्ता : बीटी कापूस

संगणकाच्या क्षेत्रात जे प्रणालीचे स्थान, तेच शेतीच्या क्षेत्रात बियाण्याचे. जालन्याच्या महिको कंपनीत अमेरिकेच्या मोन्सँटोने १९९८ मध्ये २६ टक्के हिस्सा घेतला आणि दोघींच्या संयुक्त कंपनीमार्फत बोंडअळीस प्रतिकारक जनुक भारतीय बियाणे कंपन्यांना परवान्याने देण्यात आले. बियाणे संकरित असल्याने शेतकऱ्यास ते दरवर्षी नव्याने घ्यावे लागे. आरंभीच्या काळात ४५० ग्रॅमच्या पाकिटाची किंमत सुमारे १,६०० ते १,८५० रुपये होती व तीतील निम्म्याहून बराच अधिक भाग जनुकाच्या शुल्काचा होता. पाकिटावर नाव कोणत्याही देशी कंपनीचे असो, शुल्क जनुकाच्या मालकाकडे जात असे.

या शुल्काविरुद्ध आंध्र प्रदेश शासनाने २००६ मध्ये मक्तेदारी व निर्बंधक व्यापार प्रथा आयोगाकडे तक्रार केली. त्यानंतर पाकिटाची किंमत ७५० रुपयांवर आली. महाराष्ट्राने २००९ मध्ये कापूस बियाण्याच्या किमती ठरविणारा स्वतंत्र कायदा केला. केंद्र शासनाने डिसेंबर २०१५ मध्ये किंमत नियंत्रण आदेश काढला व २०१६ च्या हंगामासाठी दोन जनुके असलेल्या बियाण्याची किंमत ८०० रुपये व त्यातील शुल्क ४९ रुपये ठरविले. २०२० मध्ये हे शुल्क शून्यावर आणण्यात आले. २०१८ मध्ये बायरने मोन्सँटो विकत घेतली, म्हणजे कंपनीचे मालकत्वही अमेरिकेतून जर्मनीकडे गेले. तथापि जळगावच्या दुकानातील पाकिटाची किंमत मात्र दिल्लीतील अधिसूचनेने ठरत राहिली. जागतिक कंपनीपुढे राज्यसंस्था हतबल झाली आहे, या सर्वसाधारण समजुतीस हा अनुभव छेद देतो.

परंतु किंमत नियंत्रण म्हणजे तंत्रज्ञानावरील नियंत्रण नव्हे. गुलाबी बोंडअळीने गुजरातच्या काही भागांत पहिल्या जनुकास प्रतिकार विकसित केल्याचे मोन्सँटोनेच २०१० मध्ये जाहीर केले. पुढे दुसरे जनुकही निष्प्रभ ठरू लागले आणि २०१७-१८ च्या हंगामात विदर्भ, मराठवाडा व खानदेश या तिन्ही विभागांत मोठे नुकसान झाले. खानदेशात ठिबकच्या आधारे मे महिन्यात पूर्वहंगामी कापूस लावण्याची पद्धत आहे. अळीचा जीवनक्रम खंडित व्हावा म्हणून जूनपूर्वी लागवड टाळण्याचा आग्रह कृषी विभागास धरावा लागतो. म्हणजे तंत्रज्ञान निष्प्रभ झाल्याची किंमत शेतकऱ्याने आपल्या हंगामाच्या स्वरूपात मोजली. दुसरीकडे, शुल्क कमी होताच कंपनीने २०१६ मध्ये पुढील पिढीच्या बियाण्याच्या मंजुरीसाठी केलेला अर्ज मागे घेतला. मंजुरी नसलेले तणनाशक-सहनशील बियाणे चोरट्या मार्गाने पसरले आणि २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यात शेतकरी संघटनेने त्याची जाहीर लागवड केली. अशा बियाण्याची ना गुणवत्ता तपासता येते, ना पीक बुडाल्यास दाद मागता येते.

यावर उपाय सार्वजनिक संशोधनाचा होता. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने धारवाडच्या कृषी विद्यापीठाच्या सहकार्याने ‘बिकानेरी नरमा’ हे शेतकऱ्यास राखून ठेवता येईल असे बीटी वाण २००९ मध्ये आणले. परंतु त्यात मोन्सँटोच्या जनुकाचे अंश आढळल्याने त्याचे वितरण थांबले. याउलट उदाहरण जळगावातच सापडते. महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या जळगाव येथील तेलबिया संशोधन केंद्राने १९७० च्या दशकाच्या अखेरीस दिलेले ‘जेएल-२४’ हे भुईमुगाचे वाण देशभर पसरले, शिवाय आफ्रिकेतील मलावीसारख्या देशातही लागवडीस आले. त्यावर कोणाचे शुल्क नव्हते आणि शेंगा राखून पुढील वर्षी पेरण्यास बंदी नव्हती. जळगावचे ‘जेएल’ हे आद्याक्षर घेऊन गेलेल्या या वाणाने ज्ञान कंपनीच्या मालकीशिवायही जगभर जाऊ शकते, हे दाखवून दिले.

६. टेंभलीचा अनुभव : सार्वजनिक रस्ता, खासगी वाहन

टेंभली येथे आरंभ झालेल्या ‘आधार’ने राज्यसंस्था स्वतः मोठी संगणकीय व्यवस्था उभारू शकते हे सिद्ध केले. बँक खाते, अनुदान व २०१९ पासून सुरू झालेली किसान सन्मान योजना यांची देयके या क्रमांकाच्या आधारे होऊ लागली. २०१६ मध्ये राष्ट्रीय देयक महामंडळाने ‘यूपीआय’ सुरू केली. आज चोपड्याच्या आठवडे बाजारातील भाजीविक्रेतीसमोरही चौकोनी संकेतचित्राचा फलक दिसतो.

ही व्यवस्था भारतीय आहे, पण ती ज्या ॲपमधून वापरली जाते ती बहुतांशी भारतीय मालकीची नाहीत. यूपीआयच्या एकूण व्यवहारांपैकी सुमारे ८० टक्के व्यवहार फोनपे व गुगल पे या दोन ॲपमधून होतात. त्यांपैकी पहिल्याची बहुसंख्य मालकी अमेरिकेच्या वॉलमार्टकडे आहे. एका ॲपचा वाटा ३० टक्क्यांपेक्षा अधिक नसावा हा नियम २०२० मध्ये जाहीर झाला, परंतु त्याच्या अंमलबजावणीची मुदत वाढत गेली व डिसेंबर २०२४ मध्ये ती ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत पुढे नेण्यात आली. कारण उघड आहे. कोट्यवधी लोकांची सवय एका ॲपशी बांधली गेली की नियम लावणाऱ्यालाच अडचण होते. रस्ता सार्वजनिक असून वाहने मोजक्याच मालकांची असावीत, असे हे चित्र आहे.

शेतीतही हाच टप्पा येत आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रात ‘ई-पीक पाहणी’ राज्यभर सुरू झाली. शेतकरी स्वतः मोबाइलवरून पिकाची नोंद करू लागला. कोणत्या गटात कोणते पीक किती क्षेत्रावर आहे, ही माहिती तलाठ्याच्या दप्तरातून संगणकात गेली. पीक विमा, कर्ज व भावाचा अंदाज या तिन्हींसाठी ही माहिती मोलाची आहे. ती केवळ प्रशासनापुरती राहते की व्यापारी कंपन्यांच्या अंदाजयंत्रणेचा कच्चा माल होते, यावर उद्याच्या बाजारातील शेतकऱ्याचे स्थान अवलंबून राहील. व्यापाऱ्यास पेरणीचा नेमका अंदाज आणि शेतकऱ्यास केवळ अफवा, अशी विषमता निर्माण झाल्यास बाजार समितीच्या आवारातील सौदा आधीच ठरलेला असेल.

७. कंपनी आणि राज्यसंस्था : परस्परावलंबन

तंत्रज्ञान कंपन्या राष्ट्रांपासून स्वतंत्र झाल्या आहेत असेही नाही. जुलै २०२५ मध्ये युरोपीय संघाने रशियन भागीदारी असलेल्या, गुजरातेतील वाडीनार येथे तेलशुद्धीकरण करणाऱ्या नायरा एनर्जी या कंपनीवर निर्बंध लादले. त्यानंतर काही दिवसांतच मायक्रोसॉफ्टने तिच्या ईमेल व तत्सम सेवा थांबविल्या. भारतीय कायद्याने असे निर्बंध घातलेले नव्हते. नायराने दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतल्यानंतर महिनाअखेर या सेवा पूर्ववत झाल्या. भारताच्या भूमीवरील एका मोठ्या शुद्धीकरण कारखान्याचे दैनंदिन काम परदेशातील निर्णयाने अडू शकते, हे या घटनेने प्रत्यक्ष दाखविले. ऑक्टोबर २०२२ मध्ये अमेरिकेने चीनला प्रगत चिप विकण्यावर घातलेली बंधनेही कंपन्यांमार्फतच अमलात आली. कंपनीची सत्ता व तिच्या मूळ राष्ट्राची सत्ता यांची अशी सांगड घातली जाते तेव्हा ती अधिक परिणामकारक होते.

भारतानेही काही पावले उचलली आहेत. ऑक्टोबर २०२२ मध्ये स्पर्धा आयोगाने गुगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. २०२३ मध्ये वैयक्तिक विदा संरक्षणाचा कायदा झाला व त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. परंतु दंड व कायदे हे किंमत नियंत्रणासारखेच आहेत. ते अतिरेक रोखू शकतात, पर्याय निर्माण करू शकत नाहीत. कापसाच्या बाबतीत हेच घडले. किंमत उतरली, पण अळी आली तेव्हा हाती दुसरे बियाणे नव्हते.

८. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) तंत्रज्ञान कंपन्यांची सत्ता त्यांच्या संपत्तीपेक्षा इतरांना पर्याय नसण्यात आहे. अमळनेर, जळगाव व टेंभली या तिन्ही अनुभवांत वापर वाढला तरी मालकी आपोआप येत नाही, हे दिसून येते.

२) राज्यसंस्थेचे सामर्थ्य संपलेले नाही. १९७३ चा विदेशी चलन कायदा, २०१५ चा बियाणे किंमत आदेश व आधारची उभारणी ही त्याची उदाहरणे होत. मात्र नियंत्रणास सार्वजनिक संशोधनाची जोड नसल्यास ते अपुरे पडते.

३) स्थानिक माहितीचे जतन व मालकी हा यापुढे सार्वभौमत्वाचा प्रश्न ठरेल. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी गावोगाव हिंडून जुनी दप्तरे जमा केली आणि त्यांच्या निधनानंतर १९२७ मध्ये धुळे येथे राजवाडे संशोधन मंडळ स्थापन झाले. आपला इतिहास आपल्या साधनांवर लिहिला जावा, ही त्यामागील भूमिका होती. आज खानदेशच्या मातीची, पिकांची, बाजारभावांची व अहिराणी बोलीची माहिती वेगाने संगणकीय रूप घेत आहे. ती जमा करणे, समाजाच्या मालकीची ठेवणे व अभ्यासकांना खुली करणे हे काम जळगावचे विद्यापीठ, परिसरातील महाविद्यालये व कृषी संशोधन केंद्रे करू शकतात. ते न झाल्यास खानदेशविषयीचे ज्ञान खानदेशालाच भाड्याने घ्यावे लागेल.

दीडशे वर्षांपूर्वी खानदेशच्या शेतात कोणते बियाणे पडावे याचा विचार लँकेशायरच्या गिरण्यांच्या गरजेनुसार झाला. ‘जेएल-२४’चे वाण मात्र जळगावातच तयार झाले आणि येथूनच बाहेर गेले. यांपैकी कोणता मार्ग पुढील पिढीच्या वाट्याला येणार, हे जागतिक घडामोडींइतकेच येथील धोरणांवर व संस्थांवर अवलंबून आहे.